मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द मोठा पुण्यवान आहे. देऊळ पडूं लागलें, वाड्याची तुळई वाळवीनें पोखरली, किंवा घाटाच्या पायऱ्या पुरानें निखळल्या, म्हणजे गांवांतील चार मंडळी एकत्र जमतात, वर्गणीची वही निघते, आणि जो पुढाकार घेतो त्याचें नांव संगमरवरी पाटीवर कोरलें जातें. शब्दाची फोड केली तर अर्थ सरळ आहे. जें जीर्ण झालें त्याचा उद्धार करावयाचा. म्हणजे त्याची पडझड थांबवावयाची. त्याचें जुनेपण पुसून टाकावें असें या शब्दांत कोठेंहि सांगितलेलें नाहीं. परंतु उद्धार करणाराचा हात एकदां चालूं लागला, कीं पडझड कोणती आणि जुनेपण कोणतें हा विवेक बहुधा मागें राहतो.

आमच्या परभणी जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांतील चारठाणा आणि गंगाखेड तालुक्यांतील धारासूर येथें यादवकालीन दगडी मंदिरें आहेत. तेथील कोरीव काम पाहूं लागलें म्हणजे कित्येक शतकांपूर्वींच्या पाथरवटाची छिन्नी अजून थांबली नसावी असें वाटतें. अशा मंदिरांकडे विद्वानांची दृष्टि तरी वळली. पण जीं लहान हेमाडपंती देवळें महाराष्ट्रांत गांवोगांव विखुरलेलीं आहेत त्यांचा उद्धार गांवकऱ्यांच्याच हातीं असतो. आणि त्यांपैकीं कित्येकांच्या खांबांवर निळ्या-पिवळ्या तैलरंगाचे थर चढलेले आम्ही पाहिले आहेत. त्या भाविकांना दोष देणें जिवावर येतें. देवाला नवें वस्त्र नेसवावें तसा त्यांनीं खांबांना रंग नेसविला. मात्र त्या रंगाखालीं नक्षीची धार बुजली, ती पुन्हां सहजासहजीं वर यावयाची नाहीं.

हा प्रकार आपल्याच देशांत घडतो असेंहि नाहीं. स्पेनमधील बोर्खा नांवाच्या गांवीं एका चर्चच्या भिंतीवर येशू ख्रिस्ताचें चित्र होतें. त्याचे पोपडे निघूं लागलेले पाहून गांवांतील एका वृद्ध भाविक बाईनें स्वतःच कुंचला हातीं घेतला, आणि २०१२ सालीं तें विद्रूप चित्र जगभर गाजलें. पुढें तें पाहावयास प्रवाशांची रीघ लागली, आणि बिघडलेल्या चित्रावर गांवाची चार पैशांची प्राप्ति झाली. सर्वच बिघडलेल्या वस्तूंचें दैव इतकें बलवत्तर नसतें.

देवळांचें आणि चित्रांचें जें होतें तेंच मोटारीचेंहि होऊं शकतें, हें आम्हांस आमच्या घरच्या फियाटवरून समजलें. कोणी म्हणेल, कोठें मंदिर आणि कोठें मोटार! पण वस्तूचें मोल नेहमीं तिच्या वयावर ठरत नाहीं. तिच्याशीं किती जणांचें आयुष्य बांधलें गेलें यावरहि तें ठरतें.

ही गाडी १९६८ सालची 'फियाट ११०० डिलाइट'. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार झाली. याच कंपनीची आधींची फियाट पाठीला गोल होती व तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. महाराष्ट्रानें तिचें 'डुक्कर फियाट' असें बारसें करून टाकलें. 'डिलाइट' ही तिच्या मागून आली, आणि हिचीच वंशज १९७४ पासून 'प्रीमिअर पद्मिनी' म्हणून प्रसिद्धि पावली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींपैकीं शेवटची पद्मिनी २००३ सालीं नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीहि निवृत्त झाली. गाडी विकत घेणें म्हणजे नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणें, अशा काळांत आमच्या वडिलांनीं ही गाडी घेतली.

वडील डॉक्टर होते. पाथरी, जिंतूर, गंगाखेड या बाजूंचे सारे कच्चे रस्ते त्या गाडीच्या चाकांस ठाऊक होते. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या मजुरांना तपासण्यासाठीं ती रोज बाहेर पडे. मागच्या दरवाजावर बैलगाडी घासून पडलेला एक पोचा होता. मागच्या बैठकीवर स्पिरिटच्या दिव्यानें पडलेला रुपयाएवढा काळा डाग होता, कारण वडील कित्येकदां इंजेक्शनच्या सुया गाडींतच उकळीत. वडिलांच्या मागें गाडी पत्र्याच्या छपराखालीं उभी राहिली. दरवाजांच्या खालच्या बाजूस गंज चढूं लागला, तेव्हां आम्हां भावंडांनीं ठरविलें, कीं हिचा जीर्णोद्धार करावयाचा.

दूरच्या एका मोठ्या शहरांत जुन्या गाड्यांचें काम करणारा एक कारखाना होता. तेथें आम्हीं गाडी ट्रकवर घालून पाठविली, आणि काय करावयाचें तें लेखी दिलें: गंज काढावा, इंजिन चालतें करावें, रंग मूळचाच राखी द्यावा, व पोचा आणि बैठक यांना हात लावूं नये. चार महिन्यांचा वायदा होता, तो चौदा महिन्यांवर गेला. या अवधींत आमच्या प्रत्येक चौकशीस एकच उत्तर मिळे: "साहेब, होऊन जाईल." या उत्तरांत क्रियापद आहे, काळ आहे, पण कर्ता नाहीं, हें तेव्हांच आमच्या कानांस खटकूं लागलें होतें.

शेवटीं आम्ही गाडी आणावयास गेलों, तों समोर लालभडक रंगाची, आरशासारखी चकचकीत अशी एक परकी मोटार उभी होती. पोचा नाहींसा झाला होता. बैठकीवर नवें रेक्झिन चढलें होतें. बंपरवर क्रोम चढवावयाचा म्हणजे जुना थर उतरवून, लोखंड घासून, त्यावर तांबें, मग निकेल आणि शेवटीं क्रोमिअमचा पातळ थर द्यावा लागतो. येथें सगळ्याचें काम चंदेरी रंगाच्या एका हातावर भागविलें होतें. आमच्याबरोबर आलेल्या पुतण्यानें खिशांतून शाळेच्या प्रयोगाचें लोहचुंबक काढलें आणि दरवाजाखालीं लाविलें. तें चिकटेना. हातभर लांबीपर्यंत तें कोठेंहि चिकटलें नाहीं. कारण तेथें लोखंडच नव्हतें, पुट्टी होती. गंज कापून नवा पत्रा जोडण्याऐवजीं गंजावरच पुट्टी थापून रंग दिला होता. या गाडीला वेगळी चॅसी नसते. पत्र्याचें कवच हाच तिचा सांगाडा. तेव्हां ही लबाडी केवळ रूपाची नव्हे, बसणाऱ्याच्या जिवाशीं गांठ घालणारी होती.

पण याहूनहि मोठा आघात आंत होता. या गाडीचा गिअर सुकाणूच्या दांड्यावर असतो. तो काढून, मधल्या पत्र्याला भोंक पाडून, खालून नवा गिअर बसविला होता. कारखान्याचे मालक मोठ्या अभिमानानें म्हणाले, "साहेब, जुना गिअर आतां कोण चालवतो? हा तुम्हांला फुकट करून दिला." आमची वाचाच बसली. कारण केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें जे नियम प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून दहा वर्षांकरितां नोंदणी करतां येते. आधीं नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांकहि राखतां येतो. अट एकच: गाडी मूळ स्वरूपांत असावी, चॅसी, बाहेरील कवच व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. वडिलांचा क्रमांक राहावा म्हणून तर आम्हीं हा सारा खटाटोप मांडला होता. आणि त्याच क्रमांकाच्या मुळावर कोणी तरी फुकट भोंक पाडून ठेवलें होतें.

आम्हीं उरलेली रक्कम देण्याचें नाकारलें. त्यांनीं गाडी सोडण्याचें नाकारलें. येथें वाचकांच्या उपयोगाच्या दोन गोष्टी सांगावयास हव्यात. १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणें, ज्यानें वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च केलें त्याला मोबदला मिळेपर्यंत ती अडकवून ठेवण्याचा हक्क आहे. कायद्यानें दृष्टांत दिला आहे तो जवाहिऱ्याकडे पैलू पाडण्यास दिलेल्या हिऱ्याचा. पण काम ठरल्याप्रमाणें व्हावें ही अट त्याच कलमांत आहे, आणि हवालीं केलेल्या वस्तूची शहाण्या मनुष्यानें स्वतःच्या वस्तूची घ्यावी तशी काळजी घेतली पाहिजे असें १५१ वें कलम सांगतें. दुसरी गोष्ट, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करतां येते; दुकान परगांवीं असलें तरी हरकत नाहीं. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती केली पाहिजे. आमचा लेखी करार, छायाचित्रें आणि पावत्या यांची चळत पाहून वकील म्हणाले, कीं दावा बळकट आहे.

आमची नोटीस जातांच कारखान्याचा सूर बदलला. मूळचे सुटे भाग 'भंगारांत गेले' असें आधीं सांगितलें होतें. ते एका पोत्यांत भरून मागच्या शेडमध्यें पडलेले असल्याचें आतां निघालें. त्यांनीं तडजोड मांडली: आम्हीं नुकसानभरपाई मागूं नये, त्यांनीं उरलेले पैसे मागूं नयेत, आणि गाडीबरोबर पोतें न्यावें. घरांत दोन पक्ष पडले. धाकट्या बहिणीचें म्हणणें, कीं अशा लोकांना आयोगासमोर उभें केलेंच पाहिजे. नाहीं तर उद्यां दुसऱ्याच्या वडिलांची गाडी त्यांच्या हातीं पडेल. हें म्हणणें न्यायाचें होतें, आणि आजहि त्याला आमच्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं. परंतु खटला चालेल तितके दिवस तें पोतें कोणाच्या शेडमध्यें राहील, आणि राहील तरी काय, हा प्रश्न सुटेना. पैसा आयोग देववील. सुकाणूवरील गिअरचा दांडा, नांवाचीं अक्षरें आणि वेगमापक कोणता आयोग पुन्हां घडवून देणार? आम्हीं पोतें घेतलें. त्यांत पुष्कळ कांहीं निघालें. डागाची ती बैठक मात्र निघाली नाहीं.

पुढचें काम परभणीसच, वसमत रस्त्यावर ट्रॅक्टरांचे पत्रे नीट करणाऱ्या एका मिस्त्रींकडे दिलें. त्यांनीं दोन तास गाडीखालीं पडून पाहिलें, आणि बाहेर येऊन म्हणाले, "मालक, पत्रा मी करतो, गिअर लावून देतो. क्रोम मला जमायचं नाहीं. अन् हें भोंक बुजवीन, पण तें नव्हतंच असं मला करतां यायचं नाहीं." चौदा महिन्यांत 'जमायचं नाहीं' हे शब्द आमच्या कानीं प्रथमच पडले, आणि त्यांनीं जो धीर दिला तो सगळ्या 'होऊन जाईल' नीं मिळून दिला नव्हता. त्यांनीं पुट्टी खरवडून काढली, कुजलेला भाग कापला, नव्या पत्र्याला ठोकून जुना बांक दिला आणि सांधा जोडला. भोंकावरील ठिगळाचा सांधा आंतल्या बाजूनें दिसतो. तो त्यांनीं घासून लपविला नाहीं.

मिस्त्रींनीं जें आपण होऊन केलें तेंच जगांतील वास्तुविशारदांनीं व ऐतिहासिक वास्तूंच्या तज्ज्ञांनीं १९६४ सालीं व्हेनिस येथें एका सनदेंत लिहून ठेविलें आहे. नवा जोड मूळ कामाशीं जुळावा, पण पाहणाऱ्याला तो मूळ म्हणून फसवूं नये. आणि जेथें तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धार करणारानें हात आवरावा, हा तिचा आशय. रंगाच्या बाबतींत तर्काची गरज पडली नाहीं. मापकांच्या फळीच्या मागें, जेथें कारखान्याचा कुंचला पोंचला नव्हता, तेथें तळहाताएवढा मूळचा राखी रंग शिल्लक होता. त्यावरून छटा जुळविली. तो तुकडा मात्र तसाच ठेविला आहे.

गाडी आतां चालते. व्हिंटेज नोंदणीचा अर्ज आम्हीं अद्याप दिलेला नाहीं. त्या ठिगळाला अधिकारी दुरुस्ती म्हणतील कीं फेरफार म्हणतील, हें सांगतां येत नाहीं. विचारलें तर सांधा दाखवावयाचा आणि घडलें तें सांगावयाचें, एवढें मात्र ठरलें आहे.

ज्यांच्या घरीं आजोबांचें घड्याळ, आजीची पैठणी, ग्रामोफोन किंवा मोटार असेल, त्यांच्यावरहि हा प्रसंग केव्हां तरी येणार. आपण दुकानदाराला विचारतों, तुम्ही काय काय कराल? या प्रश्नाला प्रत्येकाजवळ लांबलचक उत्तर असतें. त्यापेक्षां असें विचारावें, कीं तुम्ही काय करणार नाहीं, आणि तुम्हांला काय येत नाहीं? ज्याच्याजवळ या प्रश्नाचें उत्तर आहे तो थोडे दिवस अधिक लावील, कदाचित् पैसेहि अधिक घेईल. पण आपली वस्तु ओळखूं येईल अशी परत देईल.