जास्तीची खोली

पन्नाशी उलटल्यावर माणसास एखादा निरुपद्रवी नाद असावा, असें जाणते लोक सांगतात. माझे एक स्नेही पहाटे उठून पक्षी पाहावयास जातात. दुसरे जुनीं नाणीं जमवितात. मला नाद आहे तो परमुलखांतील विधिमंडळांचे वादविवाद वाचण्याचा. हें ऐकून घरचीं माणसें हंसतात आणि महाविद्यालयांतील तरुण सहकारी माझ्याकडे कांहींशा अनुकंपेनें पाहतात. परंतु ज्यानें हा नाद केला नाहीं, त्याला त्यांतील गोडी कळावयाची नाहीं. नाटकांतील पात्रें लेखकानें पढविलेलें बोलतात. कादंबरींतील योगायोग लेखकाच्या सोयीनें जुळून येतात. विधिमंडळाच्या छापील वृत्तांतांत मात्र माणसें खरींखुरीं असतात. तीं रागावतात, मूळ विषय सोडून भरकटतात, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. आणि या साऱ्या कोलाहलांतून मधूनच एखादें वाक्य असें निघतें कीं, त्यांत एका अख्ख्या समाजाचें दुखणें सांठलेलें असतें.

अशा वादविवादांपैकीं ज्यानें माझें मन सर्वांत अधिक गुंतवून ठेवलें, तो उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळांतील. विषय ऐकावयास अगदींच रुक्ष आहे: घरभाड्यासाठीं मिळणाऱ्या सरकारी साहाय्यांत करावयाचा फेरबदल. एवढें वाचून वाचक पान उलटतील अशी मला भीति वाटते. पण त्यांनीं थोडा धीर धरावा. हा सारा वाद अखेर एका खोलीचा आहे, आणि खोलीसारखा जिव्हाळ्याचा विषय आपणां मध्यमवर्गीयांना दुसरा कोणता?

ज्यांना आपल्या मिळकतींतून भाडें देणें झेपत नाहीं, त्यांच्या भाड्याचा भार ब्रिटनमध्यें सरकार अंशतः अथवा पूर्णतः उचलतें. २०१२ सालीं लंडनच्या पार्लमेंटनें लोककल्याणाच्या योजनांत मोठे फेरबदल करणारा कायदा केला. त्यांतील एका नियमान्वयें, नगरपालिकेच्या किंवा गृहसंस्थेच्या घरांत राहणाऱ्या भाडेकऱ्याकडे गरजेहून एक निजण्याची खोली जास्त असेल, तर साहाय्याच्या हिशेबांत धरलेल्या भाड्यांतून शेंकडा १४ कापावयाचे, आणि दोन किंवा अधिक खोल्या जास्त असतील तर शेंकडा २५. पेन्शनीच्या वयास पोंचलेल्यांना हा नियम लागू नव्हता. १ एप्रिल २०१३ पासून इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड या तिन्ही ठिकाणीं तो अमलांत आला. साडेसहा लाखांहून थोड्या अधिक कुटुंबांस त्याची झळ लागेल आणि दर कुटुंबाचें आठवड्यास सरासरी १४ पौंडांचें नुकसान होईल, असा खुद्द सरकारचाच अंदाज होता. सरकारनें या नियमास ‘जास्तीच्या खोलीचें अनुदान बंद करणें’ असें सोज्ज्वळ नांव दिलें. लोकांनीं त्याला ‘बेडरूम टॅक्स’, म्हणजे निजण्याच्या खोलीवरील कर, म्हटलें. एकाच गोष्टीचीं हीं दोन नांवें ऐकलीं म्हणजे वादाचे दोन्ही पक्ष डोळ्यांपुढें उभे राहतात.

गरज मोजण्याचें कोष्टक मोठें नेटकें होतें. प्रौढ व्यक्तीस अथवा दांपत्यास एक खोली; सोळा वर्षांखालील दोन मुलग्यांस किंवा दोन मुलींस मिळून एक; दहा वर्षांखालील असतील तर मुलगा व मुलगी यांनाहि मिळून एकच. या कोष्टकामागील युक्तिवाद अडाणीपणाचा नव्हता, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. एकीकडे दाटीवाटीनें राहणारीं कुटुंबें मोठ्या घरासाठीं यादींत तिष्ठत असतां, दुसरीकडे मुलें उडून गेलेल्या घरांत दोन माणसांनीं तीन खोल्या अडवून बसावें आणि त्यांचें भाडें इतर करदात्यांनीं भरावें, हा न्याय कोणता? खासगी घरांत राहणाऱ्या भाडेकऱ्यांस खोल्यांचें माप आधींपासूनच लागू होतें. विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळांत हा पक्ष मांडावयास मला कोणी सांगितलें, तर मी तो आनंदानें मांडीन.

परंतु घर ही वस्तु कोष्टकांत पुरती मावत नाहीं. माझ्या आजोळच्या घरांत माजघराला लागून एक अंधारी खोली होती. तिला बाळंतिणीची खोली म्हणत. वर्षांतील दहा महिने तींत कोणी निजत नसे. तरी माझ्या आजीनें तिला कधीं ‘रिकामी’ म्हटलें नाहीं. मावश्यांपैकीं कोण केव्हां माहेरीं येईल याचा नेम नव्हता, आणि ती खोली त्या येण्यासाठीं राखलेली होती. विलायतेंतहि अशा राखलेल्या खोल्या पुष्कळ निघाल्या. पत्नीपासून विभक्त झालेल्या बापाकडे शनिवारीं-रविवारीं मुलें येतात; कोष्टकाच्या लेखीं तीं आईच्या घरचीं, म्हणून बापाकडील त्यांची खोली जास्तीची. पतिपत्नींपैकीं एकाला असा आजार असतो कीं, दुसऱ्यास त्याच खोलींत झोंप घेणें अशक्य होतें; कोष्टकाच्या लेखीं दांपत्याला एकच खोली. या दुसऱ्या प्रकारच्या कांहीं भाडेकऱ्यांचें गाऱ्हाणें ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मान्य केलें.

हें सारें मीं एकदां जेवतांना पत्नीस सांगितलें. ती म्हणाली, “अहो, मग आपल्या चिरंजीवांच्या खोलीचे शेंकडा चौदा आपण कोणाला द्यावयाचे?” आमचा मुलगा नोकरीसाठीं परगांवीं असतो, त्याचें टेबल, त्याचीं पुस्तकें आणि भिंतीवरचें त्याचें क्रिकेटचें चित्र जिथल्या तिथें आहे. वर्षांतून पंधरा दिवस तो त्या खोलींत निजतो. त्या खोलीचा जाब विचारावयास कोणी येत नाहीं, कारण तिचें भाडें कोणी भरीत नाहीं. सुस्थितींतल्या माणसाची माया खोली अडवून बसली तरी तिला माया म्हणतात. गरिबाच्या मायेचा मात्र हिशेब मागितला जातो.

उत्तर आयर्लंडांत ही गोष्ट एका घरापुरती नव्हती. ती सबंध वस्तीची होती. बेल्फास्टमध्यें फॉल्स रस्त्याच्या बाजूस कॅथॉलिकांची वस्ती आणि शँकिल रस्त्याच्या बाजूस प्रॉटेस्टंटांची. १९६९ च्या दंगलींनंतर अशा वस्त्यांच्या मध्यें भिंती उभ्या राहिल्या. त्या तात्पुरत्या म्हणून घातल्या होत्या. त्यांतील पुष्कळशा आजहि उभ्या आहेत आणि त्यांना ‘शांततेच्या भिंती’ म्हणतात. सार्वजनिक घरांपैकीं शेंकडा नव्वदांच्या आसपास घरें अशा एकाच समाजाच्या वस्तींत आहेत. शिवाय तीं बहुतांशीं कुटुंबांसाठीं, दोन-तीन निजण्याच्या खोल्यांचीं बांधलेलीं. एका खोलीच्या घरांचा तुटवडा. अशा स्थितींत ‘परवडत नसेल तर लहान घरांत जा’ हें लंडनचें सांगणें शब्दशः पाळूं म्हटलें, तर मोकळें असलेलें लहान घर नेमकें भिंतीपलीकडे निघावयाचें. नकाशावर अंतर अर्ध्या मैलाचें. पण तेवढें ओलांडून बिऱ्हाड हलविणें म्हणजे आपलीं माणसें, आपलें प्रार्थनामंदिर, मुलांची शाळा आणि पुष्कळदां आपली निर्भयता मागें टाकून जाणें. विधेयकावरील चर्चेंत हा मुद्दा पुनःपुन्हा निघाला, तो यामुळेंच.

आणि ही चर्चा ज्या इमारतींत चालली, त्या इमारतीस घराचा प्रश्न नवा नव्हता. बेल्फास्टच्या पूर्वेस स्टॉरमाँट येथें १९३२ सालीं उघडलेली ती शुभ्र वास्तु पूर्वी उत्तर आयर्लंडच्या जुन्या पार्लमेंटची होती. त्या काळीं स्थानिक निवडणुकींत मत देण्याचा अधिकार मुख्यतः कर भरणाऱ्या घरधन्यास व त्याच्या पत्नीस असे; त्याच घरांत राहणाऱ्या प्रौढ मुलांस किंवा पोटभाडेकऱ्यांस तो नसे. अर्थात् एखाद्याला घर देणें म्हणजे त्याच्या पदरांत मत टाकणें होतें, आणि घरें वाटणारे हात मतांचा हिशेब विसरत नसत. १९६८ च्या जून महिन्यांत टिरोन परगण्यांतील कॅलेडन या खेड्यांत एक नवें घर एका एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीस देण्यांत आलें. मुलेंबाळें असलेलीं कॅथॉलिक कुटुंबें त्या वेळीं घरासाठीं वाट पाहत होतीं. ऑस्टिन करी या सभासदांनीं हें गाऱ्हाणें स्टॉरमाँटमध्यें मांडलें. तेथें दाद लागली नाहीं, तेव्हां २० जून रोजीं ते स्वतः त्या घरांत शिरून बसले. थोड्याच वेळांत पोलिसांनीं त्यांना बाहेर काढलें. दोन महिन्यांनीं कोलआयलंडहून डंगॅननपर्यंत नागरी हक्कांचा मोर्चा निघाला. पुढील तीस वर्षांच्या रक्तपाताचें कारण एक घर होतें असें म्हणणें म्हणजे इतिहासाचा विपर्यास करणें होय. पण एका घराची तक्रार सभागृहांत नीट ऐकली गेली असती, तर ती रस्त्यावर आली नसती, एवढें म्हणावयास हरकत नाहीं. १९७१ सालीं घरांचें वाटप नगरपालिकांच्या हातून काढून ‘हाउसिंग एक्झिक्युटिव्ह’ या मंडळाकडे सोंपविण्यांत आलें, आणि पुढच्याच वर्षीं तें जुनें पार्लमेंटहि तहकूब झालें.

१९९८ च्या करारानंतर त्याच इमारतींत नवें विधिमंडळ बसूं लागलें. लोककल्याणाचे कायदे करण्याचा अधिकार त्याला आहे; परंतु त्यांवरील खर्चाचा पैसा लंडनहून येतो, आणि रीत अशी पडली आहे कीं, लंडनच्या कायद्याशीं बरोबरी राखावी. बरोबरी सोडली, तर वाढलेला खर्च आपल्या वार्षिक अनुदानांतून भागवावा. ऑक्टोबर २०१२ मध्यें लंडनच्या कायद्याची प्रत शोभावी असें विधेयक स्टॉरमाँटपुढें आलें आणि अडीच वर्षांहून अधिक काळ तेथें रेंगाळलें. हें रेंगाळणें फुकट नव्हतें. लंडनच्या अर्थखात्यानें २०१४-१५ साठीं ८ कोटी ७० लक्ष पौंड आणि पुढील वर्षासाठीं ११ कोटी ४० लक्ष पौंड अनुदानांतून कापावयाचें ठरविलें. एका पक्षाचें म्हणणें, हा पैसा शाळांचा आणि इस्पितळांचा आहे. दुसऱ्याच्या थैलींतून औदार्य दाखवूं नये. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, दुबळ्यांच्या खोलीवर हात टाकून कोणतीहि थैली भरूं नये. दोन्हीकडच्या बोलण्यांत निवडणुकीचा वास होता हें खरें. पण दोन्हीकडे तथ्य होतें हेंहि तितकेंच खरें.

अखेर २६ मे २०१५ रोजीं विधेयक शेवटच्या मताला आलें. तेथील नियमांत एका समाजानें दुसऱ्यावर बहुमत लादूं नये म्हणून ‘पिटिशन ऑफ कन्सर्न’ नांवाचें एक साधन आहे. त्या वेळच्या १०८ सभासदांपैकीं ३० जणांनीं सही केली कीं, नुसतें बहुमत पुरेसें होत नसे. दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींची संमति लागे. राष्ट्रवादी पक्षांच्या सभासदांनीं तें साधन वापरलें आणि विधेयक पडलें.

त्याच सुमारास स्कॉटलंडांत नेमकें उलट चित्र होतें. तेथील पार्लमेंटला हा नियम बदलण्याचा अधिकारच नव्हता. पण अडलेल्या भाडेकऱ्यांस नगरपालिकांमार्फत खास मदत देण्याची एक वाट कायद्यांत होती. त्या मदतीवरील मर्यादा उठविण्याचा अधिकार २०१४ मध्यें स्कॉटलंडच्या सरकारनें लंडनकडून मिळविला, आणि २०१४-१५ साठीं सुमारें ५ कोटी पौंडांची तरतूद करून कापलेलें भाडें भरून काढण्याची सोय केली. एकाकडे अधिकार नव्हता, पण पैसा उभा राहिला. दुसऱ्याकडे अधिकार होता, पण थैलीची दोरी परक्याच्या हातांत. राज्यघटना शिकवितांना अधिकारांच्या याद्या मीं विद्यार्थ्यांकडून पुष्कळ घोकून घेतल्या आहेत. या दोन विधिमंडळांकडे पाहिल्यापासून, प्रत्येक अधिकारापुढें ‘खर्च कोण देतो?’ असा प्रश्न लिहावयास मी त्यांना सांगतों.

नोव्हेंबर २०१५ मध्यें स्टॉरमाँटची तडजोड झाली, आणि ती मोठी चमत्कारिक होती. विधिमंडळानें हा कायदा करण्याचें काम तेवढ्यापुरतें लंडनकडे सोंपविलें, आणि त्याचा चटका कमी करण्यासाठीं चार वर्षांकरितां ५८ कोटी ५० लक्ष पौंड आपल्या तिजोरींतून बाजूला ठेवले. २० फेब्रुवारी २०१७ रोजीं बेडरूम टॅक्स तेथें लागू झाला. पण खोलीपायीं ज्याचें जितकें कापलें जाई, तितकें त्याला दुसऱ्या हातानें भरून मिळूं लागलें. त्याआधींच, जानेवारींत, तेथील मंत्रिमंडळ कोसळलें होतें आणि पुढें तीन वर्षें सभागृह बंद राहिलें. तरी ही भरपाई चालू राहिली. २०२२ सालीं कायदा करून ती पुढेंहि कायम करण्यांत आली. साहाय्याच्या नव्या पद्धतीमध्येंहि तेथें एक लहानसा फरक करून घेतलेला आहे. इंग्लंडांत ती रक्कम सामान्यतः महिन्यास एकदां भाडेकऱ्याच्याच हातीं पडते. उत्तर आयर्लंडांत ती महिन्यांतून दोनदां मिळते आणि भाड्याचा भाग परस्पर घरमालकाकडे जातो. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत गरिबाच्या घरीं काय होतें, हें ठाऊक असलेल्या कोणा माणसानेंच हा फरक सुचविला असला पाहिजे.

एका हातानें कापावें आणि दुसऱ्या हातानें द्यावें, याची थट्टा करणें सोपें आहे. माझ्या एका तर्कनिष्ठ मित्रानें ती मनसोक्त केली. तीन वर्षांचा काळ, कोट्यवधि पौंडांचा दंड आणि एवढा गदारोळ, तो एका खोलीसाठीं! कार्यक्षम राज्यकारभार याला म्हणत नाहींत, असें तो म्हणाला. त्याचें म्हणणें मला नाकारतां येत नाहीं. पण १९६८ चें स्टॉरमाँट कार्यक्षम होतें. तेथें एकाच पक्षाचें पक्कें बहुमत होतें, कामकाज वेळेवर उरकत असे, आणि एका घराच्या तक्रारीपायीं सभागृह खोळंबून राहिलें नाहीं. २०१५ चें सभागृह भांडखोर, संथ आणि खर्चिक होतें. पण ज्यांच्या बापजाद्यांनीं घराच्या यादीवरून एकमेकांचें तोंड पाहणें सोडलें होतें, ते त्यांत समोरासमोर बसून, कोणाची खोली जास्तीची आणि कोणाची नव्हे, यावर रात्रीपर्यंत वाद घालीत होते. या दोहोंपैकीं एक निवडावयाचें झालें, तर मी डोळे मिटून दुसरें निवडीन.

लंडनच्या कायद्याच्या पुस्तकांत ती खोली अजूनहि जास्तीचीच आहे. बेल्फास्टमधील भाडेकऱ्यास मात्र तिच्यापायीं भिंतीपलीकडे जावें लागलेलें नाहीं, आणि शनिवारीं त्याचीं मुलें आलीं म्हणजे तीं तेथेंच निजतात.