कौतुक झेलायचं इंग्रजी

लंडनला येणाऱ्या मराठी माणसाचं इंग्रजी परीक्षांतून तावूनसुलाखून निघालेलं असतं. सांगली-मिरजेकडून आलेल्या परिचारिकेनं नोंदणीसाठी ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे 7 बँड मिळवलेले असतात. पुण्याचा इंजिनिअर निदान कॉलेजपासून तरी इंग्रजीतच शिकलेला असतो. त्याला आलेख समजावता येतो, भाडेकरार वाचता येतो, एजंटशी हुज्जतही घालता येते. अडतं ते साध्या जागी. मॅनेजर म्हणते, ‘आय ॲम रिअली प्राउड ऑफ यू’, आणि त्याच्या तोंडून निघतं, ‘नो, नो, इट वॉज नथिंग.’ ती जरा थबकते आणि दुसऱ्या कामाकडे वळते.

परीक्षेत पर्यावरण येतं, शहरीकरण येतं. स्वतःच्या मनाबद्दल चार वाक्यं बोलायची वेळ मात्र इथे आल्यावर येते, आणि पुष्कळदा ती डॉक्टरांकडे येते.

झोप लागत नाही, कशात मन रमत नाही म्हणून जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेलेल्याच्या पुढ्यात अनेकदा पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली येते. प्रश्न नऊ, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. गेल्या दोन आठवड्यांत काय जाणवलं आणि किती दिवस, ते सांगायचं. दुसऱ्याच प्रश्नात ‘डाऊन’, ‘डिप्रेस्ड’ आणि ‘होपलेस’ एकापाठोपाठ येतात. सहावा प्रश्न विचारतो, आपण अपयशी आहोत, आपण स्वतःची किंवा घरच्यांची निराशा केली, असं वाटतं का? साताऱ्याला आईवडील दोघंच राहतात, इकडे व्हिसाची मुदत जवळ येते आहे, अशा माणसाला या प्रश्नातला प्रत्येक शब्द कळतो. तरीही तो शून्यावर खूण करतो. परक्यासमोर घरचं काढायचं नाही, ही शिकवण त्या क्षणी इंग्रजीपेक्षा बळकट ठरते. त्या शून्यामुळे डॉक्टरांना त्याचं दुखणं दिसतच नाही.

परक्या भाषेतले भावनांचे शब्द अंगाला का लागत नाहीत, याचा शोध लंडनमध्येच एका अभ्यासकानं घेतला आहे. बर्कबेक या ब्लूम्सबरीतल्या कॉलेजात तेव्हा शिकवणाऱ्या जाँ-मार्क देवेल यांनी अनेता पावलेंको यांच्याबरोबर 2001 ते 2003 या काळात दीड हजारांहून अधिक बहुभाषक लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘आय लव्ह यू’ कोणत्या भाषेत सर्वांत जास्त भिडतं, असाही एक प्रश्न त्यात होता. जवळजवळ निम्म्यांचं उत्तर होतं, पहिल्या भाषेत. काहींना मात्र दोन्हींत सारखं वाटत होतं, तर काहींना नंतर शिकलेल्या भाषेतच जास्त. बॉस्टनमध्ये कॅथरिन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी उशिरा शिकलेल्या तुर्की भाषकांच्या त्वचेवरची प्रतिक्रिया मोजली. लहानपणी ऐकलेली रागावणी तुर्कीत कानावर पडली की शरीर जास्त प्रतिसाद देई.

या निष्कर्षांत स्थलांतरितासाठी दिलासा आहे. ‘प्राउड ऑफ यू’ ऐकून आत काहीच हललं नाही, तर त्यात कोरडेपणा नाही, कृतघ्नपणा तर नाहीच. त्या शब्दाला अजून आठवणी चिकटलेल्या नाहीत, इतकंच. देवेल यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. जी भाषा वर्गाबाहेर, माणसांत वावरताना शिकली जाते आणि रोज वापरली जाते, तिचे शब्द हळूहळू भिडू लागतात. वजन वाढतं ते माणसांमुळे. आजारपणात सूप घेऊन आलेल्या शेजारणीनं उच्चारलेला ‘केअर’ आणि शब्दकोशातला ‘केअर’ यांत फार अंतर आहे.

स्वतःच्या मोलाचं इंग्रजी आणखी अवघड. मॉरिस रोझेनबर्ग यांनी 1965 साली न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासातून ‘सेल्फ-एस्टीम’ मोजण्याची दहा विधानांची पट्टी मांडली. ती आज जगभर वापरली जाते. 2005 साली 53 देशांतल्या उत्तरांची तुलना झाली, तेव्हा दिसलं की तिच्यातल्या नकारार्थी विधानांचा अर्थ सगळीकडे सारखा लावला जात नाही. म्हणजे आपला माणूस अशा कागदापुढे अडखळतो तेव्हा दोष त्याच्या इंग्रजीचाच असतो असं नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी तर माणसानं स्वतःला असे गुण देऊच नयेत असं मांडलं. कृतीला चांगलं-वाईट म्हणावं, माणसाला विनाअट स्वीकारावं. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’मुळे मराठी वाचकाला हा विचार परका नाही. अप्रेझलमध्ये एक वाक्य वाईट आलं म्हणून आठवडाभर मान खाली घालून वावरणाऱ्याला त्याची फार गरज आहे.

राहिली माया. या देशात ती जागोजागी भेटते. लंडनच्या बाजारात भाजीवाली ‘देअर यू गो, लव्ह’ म्हणते, नॉटिंगहॅमकडे ‘डक’ होतं, न्यूकासलला ‘पेट’. ही रोजची, हलकी माया. तिला ‘चिअर्स’ पुरतं. मनापासून केलेलं कौतुक पेलणं मात्र इंग्रजांनाही आणि अमेरिकनांनाही जड जातं. अनिता पोमेरँट्झ यांनी 1978 साली अमेरिकन संभाषणांवरून दाखवून दिलं की कौतुक ऐकणारा दोन बाजूंनी ओढला जातो. समोरच्याशी सहमत व्हावं, तर आत्मस्तुती होते. नाकारावं, तर समोरच्याला खोटं पाडल्यासारखं होतं. विनय ही एकट्या मराठी माणसाची अडचण नव्हे.

त्यावर एक उपाय वॉटर्लू विद्यापीठातल्या डेनिस मॅरिगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली पुढे आणला. स्वतःला कमी लेखणाऱ्यांना त्यांनी जोडीदारानं केलेलं एखादं कौतुक आठवायला लावलं आणि जोडीदाराला आपल्यात काय आवडलं, त्याचा आपल्यासाठी आणि नात्यासाठी काय अर्थ आहे, हे लिहायला सांगितलं. असं लिहिल्यावर त्या कौतुकाबद्दल त्यांना जास्त चांगलं वाटू लागलं.

हे शिकवायला जागा आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून उभं आहे. डॉलिस हिलच्या त्याच्या वास्तूत किंवा अशाच कुठल्या मराठी मेळाव्यात नवख्यांना बँक, शाळा, भाडं यांची माहिती मिळते. तासभर याही विषयाला द्यायला हवा. पीएचक्यू-9 आधी मराठीत समजून घ्यायचं आणि नववा प्रश्न, म्हणजे जगणं नकोसं वाटण्याचा, मोठ्यानं वाचायचा. 116 123 हा, मनानं खचलेल्यांचं ऐकून घेणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेचा मोफत क्रमांक फोनमध्ये साठवायचा. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या चिठ्ठीविनाही जाता येतं आणि दुभाष्याही मागता येतो, हे सर्वांना सांगायचं. मग दोघादोघांनी बसून कौतुकाची तालीम करायची, आधी मराठीत, नंतर इंग्रजीत. समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकायचं, ‘थँक यू, दॅट मीन्स अ लॉट’ म्हणायचं आणि त्याला आपल्या कामात नेमकं काय आवडलं ते विचारायचं.