रस्ता होता, नाव नव्हते

आमच्या विभागाच्या वाचनकक्षात चार संगणक होते आणि इंटरनेटची जोडणी एकच. जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती पाचव्या यंत्रावर. अडगळीतल्या एका संगणकाला दोन नेटवर्क कार्डे लावून त्यालाच गेटवे करावे, असे आम्ही ठरवले. साहित्याच्या माणसांनी या उद्योगात पडू नये, हा सल्ला मिळाला होता. तो आम्ही मानला नाही.

लिनक्स आपण होऊन दुसऱ्याचे टपाल पुढे नेत नाही. आलेले पाकीट स्वतःसाठी नसेल तर ते टाकून देते. ‘आयपी फॉरवर्डिंग’पुढील शून्याचा एक केला, तेव्हा पाकिटे बाहेर जाऊ लागली, पण उत्तरे येईनात. १९२.१६८ ने सुरू होणारे आमचे पत्ते खासगी, बाहेरच्या जगात त्यांना मार्ग नाही. मग ‘मास्करेड’चा नियम घातला. गेटवेने प्रत्येक पाकिटावर प्रेषक म्हणून स्वतःचा पत्ता घालायचा आणि येणारे उत्तर मुळात कोणाचे, हे लक्षात ठेवायचे. लेखनिकाची ही भूमिका आम्हांला आवडली.

आता आकड्याने हाक मारली की दूरचे यंत्र ओ देई. नावाने मारली की शांतता. रस्ता अखंड होता, तरी वाचनकक्षाच्या लेखी इंटरनेट बंदच होते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूर शिकवताना आम्ही दरवर्षी सांगतो. तो कोणीतरी सांभाळावा लागतो, हे मात्र त्या संध्याकाळी उमगले. अर्पानेटवर सगळी नावे एकाच फाइलीत असत. एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती राखी. यादी आवरेनाशी झाली, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी पायरीपायरीने वाटून देणारी व्यवस्था मांडली. तीत सगळी नावे कोणा एकाला ठाऊक नसतात. पुढे कोणाला विचारावे, एवढे ठाऊक असते. गेटवेवर आम्ही ‘डीएनएसमास्क’ बसवले. आतल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचे आणि त्यांच्या वतीने नावांची चौकशी करण्याचे काम त्याच्याकडे गेले.

असो. खरा धडा दुसऱ्या दिवशी मिळाला. एका विद्यार्थिनीने प्रबंधाच्या तळटीपांत नियतकालिकांच्या यंत्राचा पत्ता आकड्यांत दिला होता. आम्ही पत्ते नव्याने वाटले होते. तिच्या साऱ्या तळटीपा आता विभागाच्या प्रिंटरकडे बोट दाखवत होत्या. प्रबंध सादर करायला आठवडा उरला होता. ती रागावली नाही, त्यामुळे आम्ही अधिकच ओशाळलो. सुदैवाने नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक आणि पृष्ठ तिने प्रत्येक टिपेत नोंदवले होते. त्यावरून मूळ गाठता आले. यंत्राला आम्ही ‘संग्रह’ हे नाव दिले, पत्ता कायम केला आणि तिच्याशेजारी बसून एकेक टीप दुरुस्त केली.

आता आकडा बदलला तरी गेटवेवरची एक ओळ बदलली की पुरते. मात्र ती बदलणारे कोणी उरले नाही, तर नावही आकड्याइतकेच मुके होईल. म्हणून ती ओळ आम्ही विभागाच्या नोंदवहीत शाईने लिहून ठेवली आहे.