सांधा

विठ्ठलवाडी स्थानकाजवळील आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी आईसाठी स्वतंत्र खोली करावयाचे ठरले. इमारत जुनी. साडेचार इंची विटांची भिंत गिलाव्यासह दर चौरस मीटरला 200 किलोहून अधिक भरते. जिप्सम बोर्डाची 25 किलोच्या आसपास. स्लॅबवर नवे ओझे नको, असे अभियंत्याने बजावले, म्हणून जिप्समचा मार्ग पत्करला.

कारागीर राजस्थानातील नागौर जिल्ह्यातला. तिकडे जिप्समच्या खाणीच आहेत. जमिनीला व छताला पत्र्याची चॅनेल, त्यांत दोन-दोन फुटांवर उभे स्टड, पोकळीत ग्लासवूल (आईला गाड्यांचा आवाज जाणवू नये म्हणून) आणि दोन्ही अंगांना साडेबारा मिलिमीटरचे बोर्ड. स्क्रूचे डोके किंचित आत बसावे, पण बोर्डावरचा कागद फाटू नये. कागद फाटला की पकड गेली. दोन दिवसांत भिंत उभी राहिली. मला वाटले, काम संपत आले.

खरे कौशल्य मात्र सांध्यांत असते. दोन बोर्डांमधील फटीत जॉइंटिंग कंपाउंड भरायचे, त्यावर कागदी पट्टी पात्याने दाबून बसवायची, मग आणखी दोन हात द्यायचे. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद, आणि आधीचा पुरता वाळल्यावरच. शेवटी पॉलिश पेपर. त्या वेळी उडणारी पांढरी धूळ तो तोंडाला नुसता रुमाल बांधून सोसत होता. मी मास्क आणून देऊ शकलो असतो, सुचले नाही.

महिना ऑगस्टचा. वालधुनीकाठची ती दमट हवा, वाळत घातलेले कपडेही दोन-दोन दिवस ओले राहत. आई 15 तारखेस येणार होती. "बाबूजी, अजून ओलं आहे, दोन दिवस थांबा," असे तो दोनदा म्हणाला. छत्तीस वर्षे बँकेत मुदती पाळलेल्या आणि इतरांना पाळावयास लावलेल्या माणसाला ते निमित्त वाटले. मी पंखे लावले व तिन्ही हात दोन दिवसांत उरकून घेतले.

सप्टेंबरमध्ये सांध्यावर केसासारखी रेघ उमटली. मी त्याचे तीन हजार रुपये रोखले आणि हिशेबाच्या वहीत 'सदोष कामाबद्दल' अशी नोंद केली. त्याचे दोन फोन आले. मी नियम सांगितला.

ऑक्टोबरात तो स्वतःच आला. रेघेवरून अंगठा फिरवला, पात्याने पट्टी कापून काढली. बदलापूरचे काम आटोपून सलग तीन संध्याकाळी आला. रोज एकच हात देऊन जाई. माझ्या घाईविषयी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी आईनेच मला विचारले, "अरे, तेव्हा त्याला थांबू का दिलं नाहीस?"

मी तीन हजार आणि तीन संध्याकाळची मजुरी वेगळी त्याच्या हाती ठेवली. त्याने मोजली, मजुरीचे पैसे परत केले. बराच आग्रह केल्यावर निम्मे घेतले. वहीतली ती नोंद मी खोडली. तिच्या जागी काय लिहावे ते सुचेना, म्हणून केवळ रक्कम आणि तारीख लिहिली.

स्वयंपाकघराचे फॉल्स सीलिंग करावे, असे सौभाग्यवतींच्या मनात आहे. त्याला फोन केला आहे. दिवाळीनंतर या, म्हटले, हवा कोरडी झाल्यावर.