स्विफ्ट, टियागो आणि तिसरा गिअर

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग टाकला गेला. १०५ तास ३३ मिनिटं लागली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या दोह्याचा होता, पंचवीस किलोमीटरच्या आसपासचा. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना विक्रमापेक्षा रस्ता झाल्याचंच कौतुक जास्त, कारण कित्येक वर्षं बडनेऱ्याच्या पुढे गेलं की खड्डे मोजत जावं लागे. खड्ड्यांत सगळ्या गाड्या सारख्याच. कुणाची पळते, कुणाची नाही, हा वाद घालायची सोयच नव्हती. रस्ता झाला आणि आमच्या घरी तोही सुरू झाला.

माझी स्विफ्ट अमरावतीत, साडूंची टियागो अकोल्यात. दोन्ही पेट्रोलवरच्या, दोन्ही बाराशे सीसीच्या, दोन्ही हाताने गिअर टाकायच्या. जेवणाच्या पंगतीत साडूंचं ठरलेलं वाक्य असे, "भाऊ, तुमची पयते, पन आमची वढते." त्यावर माझंही उत्तर ठरलेलं, की ओढायला बैलजोडी असते, गाडी पळायलाच घेतात. शेवटी भाचा म्हणाला, मोबाइल आहे, जीपीएस आहे, एकदाचं मोजून टाका.

कागदावर पाहिलं तर गंमत आहे. माझ्या स्विफ्टला, म्हणजे २०२१ नंतरच्या चार सिलिंडरवाल्या इंजिनाला, ९० पीएस ताकद आणि ११३ न्यूटन-मीटर टॉर्क. टियागोच्या तीन सिलिंडरला ८६ पीएस आणि टॉर्क तोच, ११३. फरक दोन ठिकाणी. स्विफ्टचा पूर्ण टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर येतो, टियागोचा ३३०० वरच. आणि वजन. स्विफ्ट नऊशे किलोच्या आत, टियागो हजाराच्या आसपास. म्हणजे जवळपास तेवढ्याच ताकदीवर साडूंची गाडी एक जाडजूड पाहुणा कायमचा बसवून फिरते.

मे महिन्यात, उन्हं तापायच्या आत आम्ही मुर्तिजापूरच्या अलीकडचा सरळ मोकळा पट्टा धरला. शून्य ते शंभर काढायचं नाही हे आधीच ठरलं. त्यात क्लचची माती होते, आणि टोलनाका सोडला तर रोजच्या चालवण्यात थांबलेल्या गाडीवरून कुणी शंभर गाठत नाही. शिवाय चौपदरी रस्त्यावर मोटारीला मर्यादाच शंभरची. म्हणून मोजलं ते चाळीस ते ऐंशी, तिसऱ्या गिअरमध्ये, आणि साठ ते नव्वद, आधी पाचव्यात, मग तिसऱ्यात. जाताना एकदा, येताना एकदा, कारण वारा आणि चढ-उतार कुणाच्याच बाजूने नकोत. अमरावती समुद्रसपाटीपासून अकोल्यापेक्षा थोडी उंच आहे, हे साडूंनी आठवणीने सांगितलं. वेग जीपीएसवरचाच धरला, कारण गाडीचा काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो.

स्विफ्ट जिंकली. तिसऱ्यात ती दीड-दोन सेकंदांनी पुढे राहिली, आणि चार हजार फेऱ्यांच्या पुढे तर तिचा आवाजच बदलतो. टियागो खालच्या फेऱ्यांवर लगेच उत्तर देते, पण वर गेली की दमते. थांबलेली असताना तिचं स्टिअरिंग हलकं थरथरतं, तीन सिलिंडरचा तो गुण. (२०२४ ची नवी स्विफ्टही तीन सिलिंडरची झाली, हे कळल्यापासून साडू खूश आहेत.)

पण खरी गोष्ट पुढे कळली. माझीच गाडी, तोच रस्ता. पाचव्यात साठवर एक्सिलरेटर पूर्ण दाबला तर ती विचार करत बसते. तेच तिसऱ्यात टाकून दाबलं तर निघते. पाचव्यात आणि तिसऱ्यात जो फरक आला तो स्विफ्ट-टियागोतल्या फरकाच्या कितीतरी पट होता. कारण साधं आहे. साठच्या वेगाला पाचव्यात इंजिन दोन हजार फेऱ्यांच्याही खाली फिरत असतं, तिसऱ्यात तीन हजारांच्या जवळ, आणि चाकावर येणारा जोर दीडपटीहून जास्त होतो. साडूंनी टियागो तिसऱ्यात टाकली आणि मी पाचव्यातच राहिलो, तर ते मला आरामात मागे टाकतात. हे त्यांनी तिथल्या तिथे करूनही दाखवलं.

चौपदरीवर गिअर चुकला तरी फार बिघडत नाही. बिघडतं ते दर्यापूर किंवा परतवाड्याकडच्या दुपदरी रस्त्यांवर. समोर साठने चाललेला ट्रक असेल आणि आपण ऐंशीने जात असू, तर फरक सेकंदाला साडेपाच मीटरचा. ट्रकची लांबी, मागचं-पुढचं अंतर धरून चाळीस-पंचेचाळीस मीटर काढायचे तर आठ सेकंद. तेवढ्यात आपण पावणेदोनशे मीटर पुढे गेलेलो असतो, आणि समोरून येणारी गाडीही आपल्याकडे तेवढीच आलेली असते. हिवाळ्यात रस्त्यावर कापूस भरलेले, दोन्ही बाजूंनी फुगलेले ट्रॅक्टर असतात. त्यांच्या मागून पुढचं दिसतही नाही.

त्यात आमचं ऊन. कंपन्यांचे आकडे २५ अंश तापमान धरून काढलेले असतात. अकोल्यात ४५ अंश असताना हवा विरळ होते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्या हिशेबाने सहा टक्क्यांच्या आसपास घटते. वर एसी. चार माणसं आणि रोडग्यांची पिशवी, म्हणजे अजून तीनशे किलो. ९० पीएसवाली गाडी अकोल्याच्या दुपारी ९० ची राहतच नाही.

टियागोचा डाव चिखलदऱ्याला लागला. घाटाच्या वळणांवर, दुसऱ्या गिअरमध्ये तिला कमी फेऱ्यांवर टॉर्क मिळतो, साडू निवांत गप्पा मारत चढले. मी मात्र पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत होतो. आणि जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने अपघात-चाचणीत टियागोला चार तारे दिले होते, ते शंभर किलो जास्तीचे कुठे गेले असतील ते त्यावरून समजावं.

माझा निकाल असा. सपाट रस्ता, दोघं माणसं, तर स्विफ्ट. घाट आणि भरलेली गाडी, तर टियागो. गाडी बघायला जाल तेव्हा शोरूमच्या माणसाबरोबर एकटे चक्कर मारू नका. घरचे तिघं बसवा, दुपारी जा, एसी लावा आणि चाळीस ते ऐंशी तिसऱ्यात आणि चौथ्यात मोजा. आणि कोणतीही घ्या, ट्रकच्या मागून निघण्याआधी खालचा गिअर टाका.