राहून गेलेला नमस्कार
२६ नोव्हेंबर उजाडला, की आम्हांस तुकाराम ओंबळे आठवतात. २००८ च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या. म्हणूनच तो जिवंत सापडला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते मूळचे लष्करी जवान, निवृत्तीनंतर पोलिसांत आलेले, हे आम्हांस फार उशिरा कळले.

येथे पाचोडास आमच्या शेजारीही एक निवृत्त जवान मोसंबीची बाग राखून आहेत. त्यांस आम्ही वर्षानुवर्षे मोसंबीचा भाव विचारला. पलटणीतल्या दिवसांविषयी एकदाही नाही! यंदा त्या दिवशी हात जोडून, 'नाना, तुमचे फार उपकार,' एवढेच कसेबसे म्हणालो. नाना संकोचले, आणि 'बसा, चहा घेऊ,' म्हणत ओट्यावरची पाटी बाजूला सारू लागले.