'टक्' ऐकू येतंय का?

मैत्रिणींनो, गाडीचा एसी गार वारा देईना, की गॅरेजात ठरलेलं उत्तर मिळतं, "वहिनी, गॅस संपलाय. भरून देतो." अहो, गॅस म्हणजे का पेट्रोल आहे संपायला? फ्रिजसारखाच तो बंद नळ्यांतून फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी!

गेल्या मे महिन्यात हे दौऱ्यावर, सासूबाईंना दमा, आणि भर दुपारी दवाखान्यात न्यायचं. वारा भट्टीचा. मलाही तेच उत्तर मिळालं, तेही बॉनेट न उघडता. घरी येऊन मी आधी कान दिला. इंजिन चालू असताना एसीचं बटण दाबलं, की पुढून 'टक्' आवाज येतो. काँप्रेसरचा विजेवरचा क्लच फिरत्या पुलीला चिकटतो, त्याचा. (काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतोच.) आमच्याकडे सगळं चिडीचूप. पण म्हणून काँप्रेसरच गेला, असं नाही. फ्यूज, रिले, वायर, कशानेही हे होतं. गॅस फारच कमी असेल तर प्रेशर स्विचच क्लचची वीज तोडतो, कारण त्या गॅसबरोबरच काँप्रेसरचं तेल फिरतं.

इंजिन बंद केलं. फ्यूज शाबूत होता. हॉर्नचा रिले अगदी त्याच नंबरचा. तो एसीच्या जागी खोचला, इंजिन लावलं, आणि 'टक्'! नवा रिले किरकोळ पैशांत आला.

इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ पदर, ओढणी न्यायची नाही हं. आणि थंडीतही अधूनमधून दहा मिनिटं एसी चालवा, आतल्या रबरी सीलना तेल मिळत राहतं.